जागा मोकळी झाली, हे कोणी सांगावे?

श्रोतेहो, लखनौच्या चारबाग स्थानकातून गाडी कानपूरच्या दिशेने निघाली, की थोड्याच वेळात एक लहानसे स्थानक लागते. त्याचे नाव मानक नगर. मराठी कानाला हे नाव प्रथम 'माणिकनगर' असेच ऐकू येते आणि हुमनाबादजवळच्या माणिकप्रभूंची आठवण होते. परंतु येथे माणिक नाही, मानक आहे. मानक म्हणजे प्रमाण, ज्याच्याशी ताडून पाहावयाचे असे माप. भारतीय रेल्वेची रूळ, डबे, इंजिने आणि सिग्नल यांची मापे ठरविणारी जी संशोधन, अभिकल्प व मानके संघटना, तिचे ठाणे येथेच आहे. १९३० साली स्थापन झालेले मध्यवर्ती मानक कार्यालय आणि १९५२ साली लखनौस सुरू झालेले रेल्वेचे परीक्षण व संशोधन केंद्र, या दोहोंच्या मीलनातून १९५७ साली ही संघटना उभी राहिली.

आज मला बोलावयाचे आहे ते मात्र रेल्वेविषयी नव्हे. संगणकाच्या भाषा वापरून झालेली स्मृती परत कशी मिळवितात, हा माझा विषय आहे. मग आरंभ मानक नगरात का केला? कारण रेल्वेचा एक फार जुना प्रश्न आणि संगणकाचा हा प्रश्न मुळात एकच आहेत. जागा मोकळी झाली, हे कोणी सांगावे आणि कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असा तो प्रश्न आहे.

प्रथम रेल्वेचेच पाहू. दोन स्थानकांमधील रुळांच्या तुकड्यात एक गाडी शिरली. ती बाहेर पडली, हे निश्चित कळल्याखेरीज दुसरी गाडी आत सोडता येत नाही. गाडीचे इंजिन पुढील स्थानकात आले म्हणजे सगळी गाडी आली असे होत नाही. वाटेत सांधा तुटून मागचे दोन डबे मागेच राहिले असतील. म्हणून गाडीच्या शेवटच्या डब्यावर 'एल.व्ही.' अशी दोन अक्षरांची पाटी लावतात आणि रात्री तांबडा दिवा. स्थानकावरचा कर्मचारी ती पाटी डोळ्यांनी पाहतो, तेव्हाच गाडी अखंड आली असे मानले जाते. एकेरी मार्गावर याहून कडक शिस्त असे. तेथे चालकाला धातूचा एक गोळा, म्हणजे टोकन, दिल्यावाचून तो पुढे जाऊ शकत नसे. एका वेळी त्या तुकड्यासाठी एकच गोळा यंत्रातून बाहेर निघे. पुढच्या स्थानकात तो गोळा यंत्रात परत पडला, की मगच दुसरा निघे. वेताच्या मोठ्या कड्याला अडकविलेला तो गोळा धावत्या इंजिनातून हातात झेलणारा चालक आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिला असेल.

अलीकडे हे काम धुराष्टक मोजणारी यंत्रे करतात. रेल्वेची माणसे त्यांना 'ॲक्सल काउंटर' म्हणतात. तुकड्याच्या एका टोकाला किती धुरा आत गेल्या आणि दुसऱ्या टोकाला किती बाहेर पडल्या, याची ती मोजदाद ठेवतात. वजाबाकी शून्य आली, की मार्ग मोकळा. एक जरी धुरा कमी भरली, तरी मार्ग अडलेलाच समजावयाचा. यंत्र बिघडले, वीज गेली, आकडा हुकला, तरीसुद्धा उत्तर 'अडलेला' असेच येते आणि माणसाने खात्री करून घेतल्याशिवाय तो आकडा पुन्हा शून्यावर आणता येत नाही.

येथे एक गोष्ट मनात पक्की धरावी. चुका दोन प्रकारच्या आहेत आणि त्या सारख्या नाहीत. मोकळा मार्ग अडलेला मानला, तर गाड्या खोळंबतात, प्रवासी चिडतात, वेळापत्रक कोलमडते. अडलेला मार्ग मोकळा मानला, तर माणसे मरतात. पहिली चूक नुकसानीची आहे, दुसरी अनर्थाची. म्हणून संशय आला, की रेल्वेने नेहमी पहिली चूक पत्करली आहे.

आता संगणकाकडे वळू. संगणकाची स्मृती म्हणजे लहान लहान कप्प्यांची एक अतिशय लांब रांग. प्रत्येक कप्प्याला क्रमांक असतो. त्याला आपण पत्ता म्हणू. परभणीहून नांदेडला जाणाऱ्या गाड्या कोणत्या, असे आपण यंत्राला विचारले, तर ती यादी मांडण्यासाठी आज्ञावलीला, म्हणजे प्रोग्रॅमला, काही कप्पे लागतात. आपण तिकीट काढले, यादीचे काम संपले. ते कप्पे आता दुसऱ्या कोणाला देता आले पाहिजेत. एका यादीचा प्रश्न नाही. यंत्र क्षणाक्षणाला अशा असंख्य जागा मागते आणि सोडते. स्मृती कितीही मोठी असली, तरी ती अनंत नाही.

ज्या १९५७ साली मानक नगरची संघटना जन्मली, त्याच साली आय.बी.एम. कंपनीने फोर्ट्रान नावाची भाषा लोकांच्या हाती दिली. तिच्यात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच कोणत्या गोष्टीला किती जागा लागणार ते ठरलेले असे आणि ती जागा शेवटपर्यंत तिचीच राही. घेणे नाही, म्हणून परत करणेही नाही. परंतु ज्या कामात किती गोष्टी येतील हे आधी सांगता येत नाही, तेथे ही पद्धत तोकडी पडते. लग्नाला किती पाने उठणार हे ठाऊक नसताना भांडी आधीच मोजून ठेवण्यासारखे ते होते.

मग दुसरा मार्ग आला. आज्ञावली लिहिणाऱ्यानेच जागा मागावी आणि काम संपताच त्यानेच ती परत करावी. डेनिस रिची यांनी १९७२ च्या सुमारास अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडविलेली 'सी' ही भाषा या रीतीची सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. रीत साधी, वेगवान आणि मोठ्या माणसाला शोभेल अशी. परंतु ती मनुष्याच्या सावधपणावर उभी आहे. मनुष्य दोन प्रकारे चुकतो. तो जागा परत करण्यास विसरतो, किंवा जी जागा परत केली तिचा जुना पत्ता खिशात ठेवून पुन्हा तेथे जातो.

विसरण्याचे फळ काय, ते लंडनच्या रुग्णवाहिका सेवेने १९९२ साली अनुभवले. रुग्णवाहिका पाठविण्याचे काम तेथे नुकतेच संगणकाकडे सोपविले होते. ४ नोव्हेंबरच्या पहाटे दोनच्या सुमारास यंत्रणा मंदावली आणि पुढे ठप्पच झाली. चौकशीत कारण निघाले ते असे, की तीन आठवड्यांपूर्वी दुरुस्ती करताना आज्ञावलीत एक तुकडा चुकून राहून गेला होता. एक गाडी रवाना झाली, की थोडीशी स्मृती घेतली जाई आणि ती कधीच परत होत नसे. एका वेळची गळती नगण्य होती. तीन आठवड्यांत हौद रिकामा झाला. बदलीचे यंत्र तयार होते, तेही ऐन वेळी कामास आले नाही. कर्मचाऱ्यांनी अखेर कागद आणि दूरध्वनी यांचा आधार घेतला.

दुसरी चूक याहून वाईट. समजा, आपण भाड्याचे घर सोडले, परंतु किल्ली परत केली नाही. त्या घरात आता दुसरे कुटुंब राहते. एके रात्री आपण सवयीने तेथे गेलो, कुलूप उघडले आणि समोरची पेटी आपलीच समजून तिच्यात हात घातला. यंत्रात असे घडते तेव्हा एकाच्या हिशेबात दुसऱ्याचे आकडे मिसळतात आणि ज्याला घरफोडी करावयाची आहे त्याला दार उघडे मिळते. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २०१९ साली सांगितले, की तिच्या आज्ञावलींतील सुरक्षेच्या दोषांपैकी सुमारे ७० टक्के दोष स्मृतीच्या अशा गैरवापरातून येतात. क्रोम या न्याहाळकावर काम करणाऱ्यांनी पुढच्या वर्षी जवळजवळ हाच आकडा दिला. त्या सर्वच दोषांना जुनी किल्ली कारण नसते. परंतु तिचा वाटा मोठा आहे.

मनुष्य विसरतो, तर यंत्रानेच हे काम का करू नये? हा विचार जॉन मॅकार्थी यांनी मांडला. लिस्प या भाषेसंबंधीचा त्यांचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. त्यांचे यंत्र आय.बी.एम. ७०४, त्याची स्मृती अवघी ३२,७६८ कप्प्यांची. त्यांनी म्हटले, आज्ञावली लिहिणाऱ्याने जागा मागत जावे, परत करण्याची चिंता वाहू नये. जागा संपत आली, की यंत्राने काम थांबवून घराची पाहणी करावी. जे पत्ते आज्ञावलीच्या हाती प्रत्यक्ष आहेत, तेथून निघावे. त्या कप्प्यांत आणखी कप्प्यांचे पत्ते असतील, तेथे जावे, आणि जेथे जेथे पोचता येईल तेथे खूण करावी. सर्व फिरून झाले, की ज्यांवर खूण नाही ते कप्पे कोणालाच गाठता येणार नाहीत हे सिद्ध झाले. ते सर्व गोळा करून मोकळ्या जागेत टाकावे. या झाडलोटीला पुढे 'गार्बेज कलेक्शन' हे नाव रूढ झाले.

मॅकार्थींनीच नंतर एक गंमत सांगितली आहे. मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयात उद्योगपतींसमोर लिस्पचे प्रात्यक्षिक चालले होते. यंत्र एका खोलीत, प्रेक्षक दुसऱ्या खोलीत. टंकयंत्राचा कागद दूरचित्रवाणीवर दिसत होता. सर्व सुरळीत चालले असता टंकयंत्र एकाएकी सेकंदाला दहा अक्षरांच्या गतीने, कचरा गोळा करणाऱ्याला पाचारण केले असून त्यासंबंधीची माहिती पुढीलप्रमाणे, असे ऐटीत टंकू लागले. स्मृती संपली होती आणि झाडलोट सुरू झाली होती. प्रेक्षकांना याची काहीच कल्पना दिलेली नव्हती. तो मजकूर संपण्यापूर्वी प्रात्यक्षिकाची वेळ संपणार हे दिसू लागले आणि वक्ता व श्रोते दोघेही हसून हसून बेजार झाले.

त्या हशामागे एक गंभीर गोष्ट होती. झाडलोट चालू असताना बाकी सर्व काम थांबते, आणि ती केव्हा सुरू होईल हे आधी सांगता येत नाही. त्या काळच्या यंत्रावर तिला काही सेकंद लागत.

त्याच १९६० साली जॉर्ज कॉलिन्स यांनी निराळी रीत सुचविली. प्रत्येक वस्तूवर एक आकडा ठेवावा: आपला पत्ता कितीजणांपाशी आहे? कोणी पत्ता घेतला, की आकडा एकाने वाढवावा. टाकला, की एकाने घटवावा. शून्य झाला, की जागा मोकळी. श्रोतेहो, रुळांवरच्या धुरांची मोजदाद याहून वेगळी काय आहे? या रीतीत पाहणीसाठी काम थांबवावे लागत नाही; सोडलेली जागा त्याच क्षणी परत मिळते. परंतु तिचीही एक खोड आहे, आणि ती जे. हॅरल्ड मॅकबेथ यांनी १९६३ साली दाखवून दिली. दोन वस्तूंनी एकमेकींचे पत्ते जपून ठेवले असतील, तर बाकीच्या जगाने दोघींना टाकून दिले तरी कोणाचाच आकडा शून्य होत नाही. दोन निरुद्योगी माणसांनी एकमेकांचा जामीन राहून वाड्यातील खोली अडवून बसावे, तसे ते. म्हणून पायथॉन ही आजची लोकप्रिय भाषा मोजदादीवर चालत असली, तरी २००० सालापासून अशा जोड्या हुडकून काढणारा एक झाडणाराही तिने पदरी ठेवला आहे.

झाडण्याची कलाही पुढे सुधारली. १९८३ आणि १९८४ साली हेन्री लीबरमन, कार्ल ह्युइट आणि डेव्हिड उंगर यांच्या कामातून एक साधे निरीक्षण उपयोगात आले. बहुतेक वस्तू अल्पायुषी असतात आणि ज्या टिकतात त्या दीर्घकाळ टिकतात. स्थानकाच्या फलाटावर चहाचे मातीचे कुल्हड मिनिटाला फुटतात. स्थानकाची घंटा मात्र वर्षानुवर्षे तीच असते. मग दरवेळी घंटेची चौकशी कशाला करावी? नव्या वस्तूंचा कोपरा वरचेवर झाडावा, जुन्या वस्तूंकडे क्वचित पाहावे. १९९५ साली आलेली जावा ही भाषा अशा झाडणाऱ्यांच्या बळावर जगभर पसरली, आणि तिच्या आजच्या काही झाडणाऱ्यांचा थांबा एक सहस्रांश सेकंदाच्याही आत आला आहे.

तरीही एक मर्यादा कोणत्याच झाडणाऱ्याला ओलांडता येत नाही. एखादी वस्तू पुढे लागणार आहे की नाही, हे यंत्राला कळत नाही. कोणालाच ते आधी कळत नाही. यंत्राला एवढेच कळते, की तिच्यापर्यंत पोचण्याची वाट उरली आहे की नाही. वाट उरली असेल, तर ती वस्तू कोणी कधी उघडून पाहणार नसली, तरी जपली जाते. माळ्यावरच्या पितळी डब्याची किल्ली घरात आहे, म्हणून डबा तसाच राहतो. म्हणजे झाडणारेही संशय आला की वस्तू ठेवूनच घेतात. नुकसानीची चूक पत्करावी, अनर्थाची टाळावी, हाच रेल्वेचा न्याय त्यांनीही स्वीकारला आहे.

आणखी एक मार्ग अलीकडचा. रस्ट नावाच्या भाषेची पहिली पक्की आवृत्ती १५ मे २०१५ रोजी निघाली. तिच्यात प्रत्येक वस्तूचा एका वेळी एकच मालक असतो. मालकाचे काम संपले, की वस्तूची जागा आपोआप परत होते. वस्तू दुसऱ्याच्या स्वाधीन केली, की पहिल्याला तिला हात लावता येत नाही; आणि उसनी दिली, तर पाहणारे पुष्कळ असू शकतात, परंतु बदल करणारा एकच, आणि त्या वेळी दुसरा कोणी पाहणारासुद्धा नाही. हे नियम आज्ञावली चालण्यापूर्वीच तपासले जातात. मोडले असतील, तर ती आज्ञावली तयारच होत नाही. एकेरी मार्गावरचा तो धातूचा गोळाच येथे भाषेच्या व्याकरणात येऊन बसला आहे. ज्याच्या हाती गोळा त्याचा मार्ग. देऊन टाकला, की हक्क संपला. झाडणारा नको आणि विसरण्यास वावही नाही. मात्र लिहिणाऱ्याला आरंभी पुष्कळ कष्ट पडतात, कारण व्याकरण त्याच्याशी पावलोपावली वाद घालते.

आता मानक नगरला परत जाऊ. गाड्यांची टक्कर टाळणारी 'कवच' ही यंत्रणा येथील संघटनेने देशातील उद्योगांच्या साहाय्याने घडविली. प्रवासी गाड्यांवर तिच्या चाचण्या फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि जुलै २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली गेली. रुळांमधील खुणा आणि रेडिओचे संदेश यांवरून इंजिनातील संगणक गाडीचे स्थान जाणतो; चालकाने तांबडा सिग्नल ओलांडू लागताच किंवा वेगाची मर्यादा मोडताच तो स्वतः ब्रेक लावतो. ४ मार्च २०२२ रोजी दक्षिण मध्य रेल्वेच्या गुल्लगुडा आणि चिटगिड्डा या स्थानकांदरम्यान एकाच मार्गावर समोरासमोर येणारी गाडी आणि इंजिन घेऊन तिची परीक्षा झाली. एका बाजूला स्वतः रेल्वेमंत्री बसले होते. समोरचे इंजिन ३८० मीटर दूर असतानाच यंत्रणेने गाडी थांबविली. मनमाड, परभणी, नांदेड या आपल्या मराठवाड्याच्या मार्गाचाही कवच प्रथम बसविलेल्या मार्गांत समावेश आहे.

या यंत्रणेला सुरक्षेची चौथी, म्हणजे सर्वांत वरची पातळी गाठावी लागते. एका तासात धोकादायक बिघाड होण्याची शक्यता दहा कोटींत एकाहून कमी असावी, असा त्या पातळीचा अर्थ. अशा यंत्राने स्मृतीची झाडलोट कोणत्या रीतीने करावी? ताशी १३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ३६ मीटर पुढे सरकते. मॅकार्थींच्या यंत्रासारखा काही सेकंदांचा थांबा येथे चालणार नाही, हे उघड आहे. परंतु थांबा अल्प असला, तरी तो केव्हा आणि किती येईल हे लेखी सांगता आले पाहिजे. सरासरी सांगून भागत नाही. आणि लंडनची गळती येथे झाली, तर चौकशी समितीच्या अहवालाचा मृतांना काय उपयोग?

म्हणून रेल्वेच्या आज्ञावलींसाठी युरोपात जे मानक तयार झाले, आणि ज्याचा आधार आपल्याकडेही घेतला गेला, त्या ईएन ५०१२८ मध्ये वरच्या दोन पातळ्यांसाठी आग्रहाची शिफारस होती, की चालत्या आज्ञावलीने नवी जागा मागूच नये. मोटारींच्या आज्ञावलींसाठी निघालेले 'मिस्रा' नियम हेच सांगतात. अंतराळयानांच्या आज्ञावलींसाठी जेरार्ड होल्झमन यांनी २००६ साली दहा नियम मांडले; त्यांतील एक नियम असा, की आरंभीची मांडामांड झाल्यावर स्मृती मागू नये. किती गाड्यांची नोंद ठेवावी लागेल, किती संदेश एका वेळी येतील, याची कमाल मर्यादा आधीच ठरवावी, तेवढी जागा प्रारंभीच राखून ठेवावी आणि तिला पुढे हात लावू नये. घेणे नाही, म्हणून परत करणेही नाही. श्रोतेहो, ही तर १९५७ सालच्या फोर्ट्रानची रीत झाली!

याची किंमत पडते. राखून ठेवलेल्या जागेपैकी बरीचशी एरवी रिकामीच राहते, आणि ठरविलेली मर्यादा चुकली तर यंत्रणा अडून बसते. काटकसरीच्या दृष्टीने हा अपव्ययच आहे. परंतु मोकळा मार्ग अडलेला मानून गाड्या खोळंबून ठेवण्यात रेल्वेने हाच अपव्यय आजवर केला आहे, आणि आपण प्रवासी त्याच्या जिवावर निर्धास्त झोपलो आहोत. आपल्या हातातील दूरध्वनीत झाडणारा खुशाल असू द्यावा. तो क्षणभर अडखळला तर आपण क्षणभर चरफडू. जेथे माणसांचा जीव गुंतला आहे, तेथे मात्र जागा मोकळी झाली की नाही हा प्रश्न शिताफीने सोडविण्यापेक्षा तो उद्भवूच न देणे अधिक शहाणपणाचे. आणि तो टाळता येत नसेल, तर उत्तर देणाऱ्याने अंदाजावर बोलू नये.

यापुढे एखाद्या लहान स्थानकातून आपली गाडी न थांबता जाऊ लागली, तर फलाटाकडे जरा पाहावे. हिरवे निशाण घेतलेला एक माणूस तेथे उभा असेल. इंजिन पुढे गेले, डबे पुढे गेले, तरी तो जागचा हलत नाही. शेवटच्या डब्यावरची पाटी दिसेपर्यंत त्याच्या लेखी गाडी आलेली नसते.